चालता-बोलता व्यायाम

व्यायाम म्हटला, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आजही तालमीतली लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब आणि सूर्यनमस्कार उभे राहतात. परंपराही तशीच भक्कम आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्याचे व्रत मानले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये सुरू झाले. गेल्या दोन दशकांत या चित्रात वातानुकूलित जिमची आणि मॅरेथॉनची भर पडली. मात्र तालीम असो वा जिम, तेथे नित्यनेमाने जाणारी माणसे समाजात नेहमीच थोडी असतात.

ती किती थोडी, याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून येतो. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील १४,२२७ प्रौढांची दिनचर्या तीत तपासली गेली. खेळ, व्यायाम किंवा केवळ आवड म्हणून अंग हलवणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. ५४.४ टक्के लोक ‘निष्क्रिय’ या वर्गात मोडले आणि शहरांत तर हे प्रमाण ६५ टक्के होते. म्हणजे शंभरातील नव्वद जणांचे शरीर जे काही हलते, ते दिवसाच्या रामरगाड्यातच. घरापासून स्टेशनपर्यंतची चाल, पुलाचा जिना, मंडईतून आणलेली जड पिशवी, घरातला केर आणि फरशी, एवढीच त्यांची व्यायामशाळा. ही हालचाल प्रकृती राखण्यास पुरते काय, आणि पुरत नसेल तर तिच्यात नेमके काय कमी पडते, हा प्रश्न म्हणूनच जिमच्या वर्गणीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर लंडनच्या लाल दुमजली बसमधून मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुषांना येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढत चालले होते आणि त्याचे कारण कोणाला नीट उमगत नव्हते. जेरेमी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे ३१ हजार पुरुषांच्या प्रकृतीच्या नोंदी गोळा केल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच सामाजिक थरातले, जवळपास सारख्याच पगाराचे, एकाच बसमधले. फरक इतकाच, की ड्रायव्हर पाळीचा नव्वद टक्के वेळ आसनावर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभरात ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी आढळला आणि ज्यांना तो झाला त्यांना उशिरा व सौम्य स्वरूपात झाला. मॉरिस यांनी टपाल खात्यातही हाच शोध घेतला. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा आणि टेलिफोन ऑपरेटरांपेक्षा सुदैवी ठरले.

(मुंबईच्या वाचकाच्या मनात येथे बेस्टची डबलडेकर येणे साहजिक आहे. १९३७ मध्ये सुरू झालेल्या या बसच्या जुन्या डिझेल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. पण तिच्या दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत. लंडनच्या कंडक्टराइतक्या पायऱ्या मुंबईतील कंडक्टरच्या वाट्याला येत नसाव्यात.)

मॉरिस स्वतःच्या निष्कर्षाकडेही संशयाने पाहू शकत होते, हे विशेष. ड्रायव्हर मुळातच वेगळ्या देहयष्टीचे असतील तर? त्यांनी थेट गणवेशाची दफ्तरे उघडली आणि १९५६ मध्ये विजारींच्या कमरेच्या मापांवरून दाखवून दिले, की ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा जाड असत. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तथापि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जगभर झालेल्या अनेक अभ्यासांनी मूळ सूत्र पक्केच केले. दिवसभराच्या साध्या हालचालीचा हृदयाशी संबंध आहे.

सडपातळ असण्याचा भ्रम

भारतीयांच्या बाबतीत या सूत्राला आणखी एक धार आहे. ‘मी जाड नाही, मला व्यायामाची काय गरज’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र छापून या समजुतीला उत्तर दिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. कोणत्याही तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. वजनकाटा एकच बोलत होता, शरीराच्या आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर शिकवले जाते.

बारीक हातपाय, कमी स्नायू आणि पोटाभोवती साठलेली चरबी ही ठेवण भारतीयांत सर्वत्र दिसते. तीमुळे मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांचे काय करावे, याचा प्रयोग चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केला. रक्तातील साखर वाढू लागलेल्या ५३१ जणांपैकी काहींना केवळ नेहमीचा सल्ला देण्यात आला, तर काहींना आहारातील बदल आणि रोज अर्धा तास भरभर चालणे सांगून त्याचा पाठपुरावा करण्यात आला. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. जे लोक कामानिमित्त आधीच पुरेसे चालत किंवा सायकल चालवत होते, त्यांना वेगळा व्यायाम न सांगता तीच हालचाल टिकवून ठेवण्यास सांगितले होते. अमेरिकेत अशाच प्रयोगात घट याहून मोठी होती. पण तेथील लोक मुळात स्थूल होते आणि त्यांनी बरेच वजनही उतरवले होते. चेन्नईच्या मंडळींचे वजन फारसे घटले नाही, तरी लाभ झाला. वजनाचा काटा हलला नाही म्हणून पंधरा दिवसांत चालणे सोडून देणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी अशी आहे.

वजन न उतरता लाभ कसा होतो? चालताना आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात आणि चालून झाल्यावरही एक-दोन दिवस त्यांची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली राहते. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा सल्ला मधुमेहींना देतात तो याच कारणाने. शनिवार-रविवारी सिंहगड चढून उरलेले पाच दिवस खुर्चीत काढणाऱ्याला गडाचा लाभ मिळतो, नाही असे नाही. रोजच्या साखरेचा हिशेब मात्र रोजच मांडावा लागतो. वजनापुरतेच बोलायचे, तर साठ-पासष्ट किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या चालण्यात शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. बागेच्या फाटकाबाहेर खाल्लेला एक वडापाव त्याच्या दुपटीहून अधिक परत देतो.

दहा हजार पावलांची कुळकथा

‘रोज दहा हजार पावले’ हा मंत्र आज मोबाइल आणि मनगटी घड्याळांमुळे घरोघरी पोहोचला आहे. त्याचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले. त्याचे जपानी नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोळाबेरीज होता, जिभेवर बसणारा होता, आणि तो राहिला.

संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली ती बऱ्याच उशिरा. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमधील मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी होता आणि ७,५०० पावलांच्या पुढे लाभात विशेष भर पडत नव्हती. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा साठीपुढील व्यक्तींसाठी सहा ते आठ हजार आणि त्याहून तरुणांसाठी आठ ते दहा हजार पावलांच्या आसपास लाभाचा आलेख सपाट होताना दिसला. अशा अभ्यासांत एक अडचण नेहमीच असते. आजारी माणूस कमी चालतो, त्यामुळे कमी चालण्याने आजार आला की आजारामुळे चालणे घटले, हे पूर्णपणे वेगळे करता येत नाही. ती गृहीत धरूनही एक गोष्ट सर्वांत स्पष्टपणे पुढे येते, की सर्वाधिक फायदा अगदी खालच्या पायरीवर आहे. दोन-अडीच हजार पावलांवरून पाच हजारांवर येणाऱ्याला जेवढे मिळते, तेवढे आठ हजारांवरून अकरा हजारांवर जाणाऱ्याला मिळत नाही.

पावलांपेक्षा मिनिटे मोजणे ज्यांना सोयीचे वाटते, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल करावी, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. यातील एक बदल शहरी माणसाच्या विशेष उपयोगाचा आहे. पूर्वीच्या, २०१० च्या शिफारशीत हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती धरावी अशी अट होती. ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. सकाळी रिक्षाथांब्यापर्यंतची सहा मिनिटे, दुपारी डबा खाल्ल्यानंतरची पाच आणि संध्याकाळी स्टेशनपासूनची नऊ, हे सारे आता जमेस धरले जाते.

मध्यम श्रम म्हणजे नेमके किती? येथे कोणतेही यंत्र लागत नाही. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला गेल्यास दम लागावा, ती मध्यम चाल. चार शब्द बोलूनही श्वास घ्यावा लागला तर श्रम जोरकस. मिनिटाला साधारण शंभर पावले ही या चालीची ढोबळ खूण. दुकानांच्या काचा न्याहाळत, मोबाइलवर बोटे फिरवत केलेला फेरफटका तिच्या जवळपासही येत नाही. मुंबईकराचे सकाळी ८.१२ ची लोकल गाठण्यासाठीचे चालणे मात्र या कसोटीला हमखास उतरते.

शतपावलीलाही आता शास्त्राचा दुजोरा मिळू लागला आहे. जेवणानंतर रक्तातील साखर चढत असतानाच चालले, तर तिचा कळस बोथट होतो. साखर वाढण्याचा धोका असलेल्या वृद्धांवरील २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटांचे संथ चालणे दिवसभराच्या साखरेसाठी उपयुक्त ठरले आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात ते एकाच वेळी केलेल्या पाऊण तासाच्या चालण्याहून सरस निघाले. शंभर पावले म्हणजे जेमतेम मिनिटभर. नावातील संख्या शब्दशः न घेता तिचे दहा-पंधरा पट करणे बरे. आपल्याकडे रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊला आणि त्यानंतर थेट दूरचित्रवाणीसमोर, हा क्रम असल्याने ही सवय नव्याने अंगी बाणवण्यासारखी आहे.

जिना

चालण्याच्या खालोखाल शहरात फुकट मिळणारा व्यायाम म्हणजे जिना. सपाटीवर भरभर चालण्यास विश्रांतीच्या साडेतीन पट ऊर्जा लागते असे मानले, तर जिना सावकाश चढण्यास चौपट आणि झपाझप चढण्यास आठ-नऊ पट लागते. इमारतीच्या एका मजल्याला साधारण अठरा ते वीस पायऱ्या धरल्या, तर मॉरिस यांच्या कंडक्टरचा दिवस पंचवीस ते चाळीस मजल्यांचा होता. तेवढे कोणीही करू नये. पण तिसऱ्या मजल्यावरील घर आणि चौथ्या मजल्यावरील कार्यालय यांसाठी लिफ्ट सोडली आणि दिवसातून दोनदा चढउतार झाला, तर बारा-चौदा मजले भरतात.

अशा थोडक्या वेळाच्या पण दमवणाऱ्या हालचालींकडे अलीकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे. ब्रिटनमधील, कोणताही ठरावीक व्यायाम न करणाऱ्या २५,२४१ व्यक्तींच्या मनगटावर मापक बांधून त्यांची हालचाल नोंदवण्यात आली. बस पकडण्यासाठीची धाव, चढावरची घाई, ओझ्यासह जिना, असे एक-दोन मिनिटांचे प्रसंग दिवसातून तीनदा ज्यांच्या वाट्याला येत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण ४८-४९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास निरीक्षणाचा असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण ज्याला वेळ नाही त्याची सबब मात्र तो बरीच दुबळी करतो. गुडघे झिजलेल्यांनी चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट ही तडजोड करावी. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर पडणारा भार अधिक त्रास देतो.

घरकाम हा व्यायाम आहे काय?

हा प्रश्न बहुतेक घरांत पुरुष विचारतात आणि उत्तरही तेच देतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटांचा. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. दोन्ही मिळून जवळजवळ निम्मा देश. २००० साली हाच आकडा सुमारे २२ टक्के होता.

पाच तास राबणारी बाई निष्क्रिय कशी, असा संताप येथे स्वाभाविक आहे. उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. जाते, उखळ, पाटा-वरवंटा आणि आडाचे पाणी या गोष्टी संपूर्ण शरीराला घुसळून काढत. त्या गेल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. पहाटे उठून दळण दळणाऱ्या कोणत्याही स्त्रीने ते काम आरोग्यासाठी म्हणून पत्करलेले नव्हते. त्यांची जागा घेणारे ओट्यापाशी उभे राहणे, चिरणे, नीटनेटके करणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे थकवतात जरूर, परंतु हृदयाची गती फारशी वाढवत नाहीत. पाय दुखतात, कंबर अवघडते, श्वास मात्र जागचा हलत नाही. बादली घेऊन बसून फरशी पुसणे, हाताने कपडे धुणे, गाद्या उलटणे ही कामे मध्यम श्रमात मोडतात. शहरी मध्यमवर्गीय घरांत नेमकी तीच कामे मोलकरणीकडे गेली आहेत.

मग ती मोलकरीण तरी निरोगी ठरते काय? याही बाबतीत उत्तर सरळ नाही. डेन्मार्कमधील १ लाख ४ हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात २०२१ मध्ये असे दिसून आले, की मोकळ्या वेळेतील हालचाल आयुष्य वाढवते, तर पोटासाठीच्या कामातील जड श्रमांबरोबर हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका वाढलेला आढळतो. आठ-दहा तास वाकणे, ओझी उचलणे, विश्रांतीचा अभाव आणि वेग ठरवण्याचे स्वातंत्र्य नसणे ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. लंडनच्या कंडक्टरचे काम चढउताराचे होते, ओझे वाहण्याचे नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला गरज असते ती विसाव्याची, आणि तिच्या मालकिणीला मोकळ्या हवेतल्या अर्ध्या तासाची. दुसरी गोष्ट घरातील कामांची वाटणी बदलल्याखेरीज बहुधा साधत नाही.

पाट गेला, टेबल आले

चालण्याने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात, पण मांड्या, पाठ आणि हात यांचे बळ त्याने पुरेसे टिकत नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे ही अनेक वृद्धांच्या बाबतीत परावलंबनाची सुरुवात असते. मराठी घरातील दिनचर्येत पूर्वी या बळाची सोय आपोआप होती. पाटावर जेवायला बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, भारतीय पद्धतीचा संडास, देवापुढे साष्टांग नमस्कार, यांत माणूस दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीपर्यंत जाऊन उठत असे. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यानंतर ती वेळ दिवसात एकदाही येत नाही अशी घरे पुष्कळ आहेत.

ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयोगटातील २,००२ व्यक्तींना हात वा गुडघा न टेकता जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगण्यात आले. आधार न घेता ज्यांना हे जमले, त्यांच्या तुलनेत ज्यांना वारंवार हात-गुडघे टेकावे लागले त्यांच्यातील मृत्युदर पुढील काही वर्षांत कितीतरी अधिक आढळला. घरच्या घरी हा प्रयोग करण्यास हरकत नाही, जवळ कोणी उभे असावे इतकेच. ज्यांना जमिनीवर बसणे शक्य नाही, त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी, भिंतीला तळहात टेकून जोर काढावेत, ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस हवा, असे आरोग्य संघटना सांगते. दात घासताना एका पायावर उभे राहणे, शेजारी आधार ठेवून, हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार. सूर्यनमस्कार ज्यांना येतात त्यांना वेगळे काही शोधण्याची गरजच नाही. हात, पाठ आणि पाय तिन्ही त्यात आले.

पाय ठेवायला जागा

इतके सगळे खरे असले, तरी चालण्यासाठी जमीन लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात याची तपासणी करण्यास मोजपट्टी बाहेर काढावी लागणार नाही. पदपथ असतो तेथे तो गुडघाभर उंच असतो, मध्ये विजेची पेटी, झाडाचा पार, उभी केलेली मोटारसायकल असते आणि दर वीस पावलांवर एखाद्या फाटकासाठी तो तोडलेला असतो. वृद्ध माणूस मग रस्त्यावरूनच चालतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले, एकूण बळींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा. ‘रोज चाला’ असे सांगणाऱ्या प्रत्येक आरोग्य मोहिमेने ही संख्या शेजारी छापायला हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेमुक्त पदपथांचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि राज्यांना त्याबाबत मार्गदर्शक सूचना आखण्यास सांगितले. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला होता. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, पण त्या दिवशी तेथे आलेल्यांनी आवाजाविना बाजार कसा असतो, ते पाहिले.

ज्या शहरांत मोकळी जागा उरली आहे, तेथे लोक ती वापरतात, हे मात्र वारंवार दिसते. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वेताळ टेकडी पहाटेपासून गजबजलेली असते. टेकड्यांवरील रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या प्रस्तावांना पुणेकर जो कडवा विरोध करतात, त्यामागे या रोजच्या पायवाटेचाही वाटा आहे. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा एका फेरीत किलोमीटरहून थोडे अधिक अंतर देतो. तेथे धावपटू, नव्वदीचे आजोबा आणि नुकतेच बाळंतपण झालेल्या मुली एकाच दिशेने चालत असतात. कट्ट्याने आणखी एक गोष्ट दिली आहे : सोबत. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अवघ्या पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्य क्लब पुढे कितीतरी देशांत पोहोचला. हसण्याचे औषधी गुण बाजूला ठेवले, तरी सकाळी सहाला आपली कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव गजराच्या घड्याळापेक्षा प्रभावी असते. चालण्याचा नेम मोडतो तो बहुधा सोबती गाव सोडून गेल्यावर.

बागांच्या फाटकांवरील वेळापत्रक हा एक छोटा, पण दूरगामी विषय. अनेक बागा सकाळी लवकर उघडून दहाच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. डबे भरून, मुलांना शाळेत धाडून मोकळी होणारी गृहिणी साडेदहाला फाटकाशी येते तेव्हा कुलूप असते. संध्याकाळी उशिरा अंधाऱ्या कोपऱ्यांमुळे ती येत नाही. दिवे आणि वेळ या दोन गोष्टी बदलण्यास मोठा निधी लागत नाही.

काही सावधगिरी

हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा पहाटे जमिनीलगत साचून राहते आणि धुरकट असते. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या दिवसांत ऊन वर आल्यावर, हमरस्ता टाळून चालावे. उन्हाळ्यात याच्या उलट, सूर्योदयाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतर. पावसाळ्यात शेवाळलेली टेकडी सोडून सोसायटीचा तळमजला, गच्चीखालचा बोळ किंवा जिना बरा. चालताना छातीत दडपल्यासारखे वाटणे, दुखणे जबड्याकडे वा डाव्या हाताकडे सरकणे, नेहमीच्या अंतरात अकारण धाप लागणे किंवा घेरी येणे, यांपैकी काही झाल्यास जागीच थांबून तातडीने रुग्णालय गाठावे. ‘गॅस असेल’ म्हणून घरी परतू नये. अनेक वर्षे बैठे आयुष्य गेलेल्यांनी आणि रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी टेकडी, धावणे किंवा वजने उचलणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. सपाटीवरील साध्या चालण्यासाठी मात्र बहुतेकांना कोणाच्या परवानगीची आवश्यकता नसते. दहा मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवणे पुरे.

इन्शुलिन घेणाऱ्या किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या मधुमेहींनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरणे, घाम फुटणे, अचानक भूक लागणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. त्यांच्या पायांची संवेदना बऱ्याचदा मंदावलेली असते, त्यामुळे बुटातला खडा किंवा टाचेचा फोड त्यांना कळतच नाही. दवभरल्या हिरवळीवर अनवाणी चालल्याने दृष्टी सुधारते, ही समजूत निराधार आहे आणि मधुमेहींच्या बाबतीत तर धोक्याची. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना विकत घ्यावेत, पुढे बोटभर जागा असावी, मोजे सुती व सैल असावेत, आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे आरशात पाहून घ्यावेत.